ओरिजिनल नसलेला डबा

मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

स्विच दाबल्यावर आधी एक बारीक ‘टिक’, मग खालच्या पट्टीतून हळूहळू वर चढत जाणारा आवाज. जुनी मोटर आजच्या मोटरसारखी किंचाळत नाही. ती गाते. अबू राशिदच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या मोठ्या खोलीत, गालिच्यावर ठेवलेला तो हिरवा लोखंडी सिलिंडर हलकेच थरथरत होता. मला हसू आवरत नव्हतं. एखाद्या मेलेल्या मोटरने पहिला श्वास घेतला की मला दर वेळी असंच होतं. वय पन्नाशीला आलं तरी.

“माशाल्ला! चल गया!” अबू राशिदनी दोन्ही हात वर केले. मग ते वाकले, पाइप उचलला आणि टोकाला मी बसवलेलं चकचकीत क्रोमचं नोझल उलटसुलट करून पाहू लागले. नोझल म्हणजे जमिनीवरून फिरवायचं तोंड. माझ्या स्वतःच्या कलेक्शनमधलं, त्याच काळातलं, अस्सल नोझल होतं ते. एरवी मी कुणाला हातही लावू दिला नसता.

“यह बहुत अच्छा है,” ते म्हणाले. “और डब्बा किधर है?”

“कौनसा डब्बा?” मी विचारलं.

कोणता डबा ते मला चांगलं माहीत होतं.

आता जरा मागे जातो. मी हेमंत, मूळचा चिंचवडचा. अबुधाबीत एका फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर इमारत दुसऱ्याची, पण तिचे एसी, पंप, पंखे आणि किचनचा धूर बाहेर काढणारी यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी आमची. अबू राशिद आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटच्या ऑफिसात या कामाचे प्रमुख. अबू राशिद म्हणजे राशिदचे वडील. इथे वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. लहानपणी ते वडिलांबरोबर मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी सफाईने बोलतात, आणि चिडले तर जास्तच सफाईने.

माझा छंद म्हणजे जुने व्हॅक्युम क्लीनर जमवणं आणि ते चालू करणं. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग “का?” विचारतात. याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. पण आखातात या छंदाला माल भरपूर मिळतो. इथे रोज कुणीतरी घर आवरून कायमचं जात असतं. सोफा विकतात, टीव्ही बरोबर नेतात. व्हॅक्युम क्लीनर कचऱ्याच्या खोलीबाहेर ठेवून जातात. तिथे तो मला दिसतो.

अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटला मेडरूम आहे. मेड नाही. “मेड ठेवली असती तर एक बाई राहिली असती,” माझी बायको वृषाली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. “इथे सतरा मशीनं राहतात, आणि घर मी झाडूने झाडते.”

मुलगी ईरा इथेच वाढली. ती एवढंच म्हणते, “बाबा, धिस इज नॉट अ हॉबी. धिस इज होर्डिंग.”

दोघींचं खरं आहे, आणि मला त्याची टोचणीही आहे. पण टोचणी असूनही मी अठरावं आणतो.

तर एका मीटिंगमध्ये एसीच्या चिलरवरून बोलणं संपलं आणि आमचे मॅनेजर थॉमस सर वातावरण हलकं करायला म्हणाले, “सर, आमच्या हेमंतकडे व्हॅक्युम क्लीनर्सचं झू आहे.” सगळे हसले. अबू राशिद हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“पुराना वाला भी बनाता है?”

“जितना पुराना उतना अच्छा, सर.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर एक मोठा खोका घेऊन हजर. पाठोपाठ त्यांचा फोन. “मेरी माँ का मशीन है. वो तो अल्लाह के पास गई. बाद में मशीन भी बंद हो गया. अगले हफ्ते मेरी लड़की की शादी है. उसके पहले चाहिए.”

“कब तक, सर?”

“बुधवार.”

“हो जाएगा.”

बस, एवढंच बोलणं. इथे माझी पहिली चूक झाली, आणि ती माझ्या नोकरीतून आलेली चूक आहे. कॉन्ट्रॅक्टरकडे वर्षानुवर्षं काम केलेला माणूस क्लायंटला ‘केव्हा’ विचारतो. ‘कशाला’ विचारत नाही. कशाला विचारणं म्हणजे काम टाळायला बघतोय असं क्लायंटला वाटतं, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. लग्नघरात आईची आठवण म्हणून मशीन मांडून ठेवणार असतील, असं मी माझ्या मनानेच ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी मेडरूममध्ये खोका उघडला आणि मी अक्षरशः ओरडलो. वृषाली धावत आली. तिला वाटलं शॉक लागला.

“बघ! बघ तरी!”

“हिरवं सिलिंडर आहे,” ती म्हणाली.

“अगं, युरोपातलं आहे. साठ सालच्या आसपासचं. खाली घसरपट्ट्या बघ, चाकं नाहीत. असं मशीन मी फक्त फोटोत पाहिलं होतं!”

“चहा ठेवलाय. निवला तर मला हाक मारू नकोस.”

कुठलंही मशीन उघडण्याआधी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढतो, म्हणजे परत जोडताना गोंधळ होत नाही. तसे काढले. पाइपच्या टोकाला नोझल नव्हतं. त्या जागी दूध पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा पट्टीने आवळून बसवलेला होता. डब्याला बाजूने ओबडधोबड भोकं, आतून काळाकुट्ट. मला वाटलं, नोझल हरवलं असेल आणि कुणीतरी घरच्या घरी जुगाड केला असेल. कलेक्टर लोकांना जुगाडाचा फार राग. आमचा एकच मंत्र असतो, ओरिजिनल. मी पट्टी सोडवली आणि डबा बाजूला फेकला.

मग मशीन उघडलं. व्हॅक्युम क्लीनरचं काम साधं असतं. पुढून हवा आत ओढायची, पिशवीत धूळ अडवायची, मोटरवरून हवा मागे बाहेर सोडायची. या मशीनमध्ये पिशवीच नव्हती. आणि वाळूचा एक कण नव्हता. अबुधाबीतल्या मशीनमध्ये वाळू नाही! इथे बंद खिडकीच्या आतल्या कपाटात वाळू सापडते. मी खूश झालो. म्हटलं, आजींनी किती निगुतीने ठेवलंय.

वाळूऐवजी आत एक तपकिरी चिकट थर होता. पाइपच्या आत, पंख्यावर, मोटरवर, सगळीकडे. मोटरमध्ये कार्बन ब्रश म्हणून दोन छोटे काळे ठोकळे असतात. फिरणाऱ्या भागाला टेकून ते त्याला वीज देतात. या डिंकात ते दोन्ही ब्रश घट्ट चिकटून बसले होते, म्हणून मोटर बंद. थराला ऊदाचा वास येत होता. पण इथल्या कुठल्या घरातल्या वस्तूला ऊदाचा वास येत नाही?

पुढचे दोन दिवस माझ्यासाठी दिवाळी होती. स्पिरिटमध्ये कापड बुडवून एकेक भाग पुसला. डिंक निघत गेला आणि खाली तांबं दिसायला लागलं, नव्या पातेल्यासारखं. मुसफ्फाच्या हार्डवेअर मार्केटमधून ड्रिल मशीनचे मोठे ब्रश आणले आणि कानशीने घासून मापात आणले. कुजलेली वायर बदलली, तीही जुन्या पद्धतीची, कापडाच्या वेष्टनाची. बेअरिंगमध्ये ताजं ग्रीस भरलं. मोटर पंख्यासह बोटाने फिरवली तर फिरतच राहिली, थांबायला तयार नाही. मी वृषालीला बोलावून परत परत फिरवून दाखवलं. तिसऱ्या वेळी ती आलीच नाही.

शेवटी माझं ते क्रोमचं नोझल बसवलं. उरलेला कचरा पिशवीत भरला. चिंध्या, जुनी वायर, काळा डबा. पिशवी मजल्यावरच्या गार्बेज शूटमध्ये टाकली. शूट म्हणजे कचऱ्याची उभी नळी. पिशवी तिथून घसरत तळघरात जाते आणि तिथलं यंत्र ती दाबून चपटी करतं. खाली पडल्याचा आवाजसुद्धा मला समाधानाचा वाटला होता.

“कौनसा डब्बा?” मी विचारलं, ते हे सगळं आठवत.

अबू राशिदनी मशीन बंद केलं. “काला डब्बा. पाइप में लगा था. उसके बिना यह मशीन क्या काम का? झाड़ने के लिए घर में बहुत मशीन है.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बखूर म्हणजे अत्तरात मुरवलेले ऊदाच्या लाकडाचे तुकडे. मबखऱ्यात, म्हणजे आपल्या धुपाटण्यासारख्या भांड्यात, निखाऱ्यावर ते टाकले की सुगंधी धूर निघतो. त्यावर कपडे धरून त्यांना वास देतात. एका वेळी एक झगा, फार तर दोन. पण त्यांच्या घरी मुली पुष्कळ आणि त्यांच्या आईला सबुरी कमी. तिने व्हॅक्युम क्लीनरच्या पाइपला डबा लावला आणि तो मबखऱ्यावर धरला. धूर आत ओढला जायचा. मशीनच्या मागच्या तोंडाला दुसरा पाइप, आणि तो बंद कपाटात सोडलेला. अख्खं कपाट एका वेळी दरवळायचं. घरातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नाचे कपडे याच मशीनने सुगंधी झाले होते. पहिली होती अबू राशिदची थोरली बहीण उम्म सैफ, म्हणजे सैफची आई. आता अबू राशिदच्या मुलीचे, नूराचे, व्हायचे होते.

मी ऐकत होतो आणि मान खाली जात होती. पिशवी नव्हती, वाळू नव्हती, डब्यात काजळी होती, डिंकाला ऊदाचा वास होता. मी रोज हॉटेलांच्या किचनमधले धूर ओढणारे हूड सांभाळतो. तो डबा म्हणजे छोटा हूड होता. माझ्या हातात हूड आला आणि मला तो कचरा वाटला.

“देखता हूँ, सर,” मी म्हणालो. “वर्कशॉप में होगा.”

हे खोटं होतं. तोंडातून निघाल्यावर मला कळलं की मी खोटं बोललो.

“कल उम्म सैफ आएगी,” ते म्हणाले. “तब तक लाओ.”

गाडीत बसून आधी बिल्डिंगच्या सिक्युरिटीला फोन केला. कचऱ्याचा ट्रक सकाळीच येऊन गेला होता. मग थॉमस सरांना फोन.

“हेमंत, लिसन,” ते म्हणाले. “मशीन आलं तेव्हा तू कशावर सही केलीस का?”

“नाही, सर.”

“त्यांच्या ड्रायव्हरने?”

“नाही.”

“मग डबा आलाच नव्हता. रस्त्यात कुठे पडला असेल. खलास. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल आहे, ठाऊक आहे ना? तू एकटा नाहीस, साइटवर आपली किती माणसं आहेत.”

थॉमस सर वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखर त्या माणसांची काळजी होती. आणि मला खरोखर त्यांचं ऐकावंसं वाटत होतं. पण ‘रस्त्यात पडला’ म्हटल्यावर बोट ड्रायव्हरकडे जाणार होतं. त्याने तर खोका दोन्ही हातांनी छातीशी धरून वर आणला होता.

घरी वृषालीला सगळं सांगितलं. वाटलं, धीर देईल.

“माझ्या बिडाच्या तव्याचं काय केलं होतंस?” ती म्हणाली.

आईने तिला दिलेला तवा मी एकदा तिला सरप्राइज म्हणून घासून घासून पांढरा केला होता. त्यानंतर कितीतरी महिने घावन निघत नव्हतं.

“तू वस्तू चकचकीत करतोस ना, हेमंत, ती तुझ्यासाठी करतोस. ज्याची आहे त्याला विचारत नाहीस.” मग जरा थांबून, “जा उद्या आणि सांगून टाक. ओरडतील. ओरडू देत.”

सकाळी ऑफिसच्या आधी अबू राशिदच्या घरी गेलो. ते अंगणात कॉफी घेत होते. मी बसलो नाही.

“सर, डब्बा वर्कशॉप में नहीं है. मुझे कचरा लगा, मैंने फेंक दिया. कल मैं झूठ बोला.”

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग इथल्या रिवाजाप्रमाणे छोट्या पेल्यात कॉफी ओतून माझ्यापुढे धरली. माणूस कितीही रागावला तरी आलेल्याला कॉफी देतो. ती गिळताना माझा घसा भाजला.

“अच्छा किया बोला,” ते म्हणाले. “अब उम्म सैफ को भी तुम ही बोलेगा.”

“मैं?”

“मैं साठ साल से उससे डरता हूँ. आज क्यों नया शुरू करूँ?”

उम्म सैफ आल्या. ठेंगण्या, ताठ, चेहऱ्यावर इथल्या जुन्या पिढीतल्या बायका घालतात तो सोनेरी झाक असलेला, मुखवट्यासारखा बुरखा. फक्त डोळे दिसत होते आणि ते पुरेसे होते. मी सगळं सांगितलं. हिंदी त्यांनाही येत होती.

“साफ करने को किसने बोला?”

“किसी ने नहीं.”

“फेंकने को?”

“किसी ने नहीं.”

“तो यह घर का मालिक तुम है?”

“नहीं, अम्मा.” ‘अम्मा’ कसं तोंडात आलं, मला माहीत नाही.

त्या खुर्चीत बसल्या आणि मशीन अंगणात मागवलं. मशीनच्या मागच्या तोंडाशी नाक नेलं, वास घेतला आणि मान हलवली. “साबुन जैसा.” मग म्हणाल्या, “डब्बा तो जलता है. माँ हर दो-तीन साल में नया बनाती थी.”

माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांचं वाक्य संपलं नव्हतं.

“मगर माँ बनाती थी. हम में से कोई सीखा नहीं. वो आख़री वाला था.”

अबू राशिद दुसरीकडे बघू लागले. मला वाटलं, आता कॉन्ट्रॅक्ट गेलं तर बरं. निदान काहीतरी शिक्षा झाली असं होईल.

“फोटो है,” मी म्हणालो. “खोलने के पहले का. सब तरफ से.”

फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो मोठा करून भोकं पाहिली, डब्याची कड पाहिली. मग घरात हाक मारली, आणि स्वयंपाकघरातून दूध पावडरचा डबा आला. अर्धी पावडर आतच होती, ती बरणीत ओतली. मी गाडीतून टूलकिट आणलं. थॉमस सरांना मेसेज केला, “साइटवर आहे.” साइटवर तर होतोच.

फोटोवरून भोकं मोजून पाडली. कडा कानशीने घासल्या. आतून बारीक जाळी बसवली, निखारा आत जाऊ नये म्हणून. पट्टी आवळली. अंगणातच मबखरा पेटवला, डबा त्यावर धरला आणि मी मोठ्या ऐटीत स्विच दाबला.

निखारे एकदम लालभडक फुलले. राख उडाली. एक धगधगता तुकडा वर उडून जाळीवर चिकटला आणि डबा तडतडायला लागला. मी वायर ओढून काढली. उम्म सैफनी आपला काळा झगा, अबाया, सावरला.

“माँ का मशीन इतना गुस्से वाला नहीं था,” त्या म्हणाल्या.

आणि मला उलगडा झाला. इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या टाळी वाजवली. मशीन बिघडलेलं नव्हतं, उलट फारच नीट झालं होतं! त्यांच्या आईच्या वेळी त्या तपकिरी डिंकाने मोटर जड झाली होती, पाइप आतून अरुंद झाला होता. धूर सावकाश ओढला जायचा. आईचे डबे त्या दमलेल्या मशीनच्या मापाचे होते. मी मशीन परत तरुण केलं होतं आणि तरुण मशीनला म्हाताऱ्या मशीनचा डबा लावला होता.

“इसका इलाज है!” मी म्हणालो. “यह तो मेरा रोज का काम है!”

एसीच्या नळ्यांत हवा जास्त झाली की आम्ही डँपर लावतो. म्हणजे मध्ये एक झडप, जी हवी तेवढी उघडता येते. मी डब्याच्या मानेला एक लांब चीर पाडली. दुसऱ्या डब्याची पट्टी कापून तिच्यावर फिरणारं कडं केलं. कडं फिरवलं की चीर उघडते, मशीन बाहेरची हवा ओढतं आणि निखाऱ्यावरची ओढ कमी होते. बंद केलं की ओढ वाढते.

अबू राशिदनी घरात ठेवलेला दुसरा पाइप मागे जोडला आणि वायर लावली. “बिस्मिल्ला.” मी कडं पूर्ण उघडं ठेवलं. धूर डब्याला शिवून बाजूने निसटत होता. थोडं बंद केलं. आणखी थोडं. उम्म सैफ खुर्चीतून पुढे वाकल्या. आणि धुराची ती निळसर दोरी वाकली, सरळ झाली आणि शांतपणे डब्यात शिरायला लागली. राखेचा कण हलत नव्हता. मागच्या पाइपच्या तोंडातून सुगंधी धूर सावकाश बाहेर येत होता. मी ओरडलो. मराठीत ओरडलो, “आला, आला, आला!” काय आलं ते सगळ्यांना कळलं.

मशीन घरात नेलं. कपड्यांच्या खोलीत दुसरा पाइप कपाटात सोडला आणि दार कापडाने बंद केलं. मी खोलीबाहेर थांबलो, आत घरच्या बायका होत्या. मोटरचा आवाज तेवढा ऐकू येत होता, एकसारखा, न अडखळता. काही वेळाने तो थांबला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग नूराचा.

“ओह माय गॉड. इट स्मेल्स लाइक ईद.”

उम्म सैफ बाहेर आल्या. मी शाळेतल्या मुलासारखा हात मागे बांधून उभा होतो.

“आवाज़ अलग है,” त्या म्हणाल्या. “माँ का मशीन खाँसता था.”

“खाँसी मैंने निकाल दी,” मी म्हणालो. “माफ करना.”

“दस साल में फिर आ जाएगी.” मग त्यांनी नवीन डबा हातात घेतला, कडं फिरवून पाहिलं आणि विचारलं, “यह कैसे काटा? दिखाओ.”

“मैं और एक बना के देता हूँ, अम्मा.”

“नहीं. दूसरा डब्बा लाओ. मैं बनाएगी. तुम सिर्फ बोलो.”

त्यांनी खिळा आणि हातोडी घेतली. नूरा शेजारी येऊन बसली, तिची एक चुलत बहीणही. पहिलं भोक वाकडं झालं. दुसऱ्या वेळी बोटावर हातोडी बसली आणि त्या अरबीत जे बोलल्या त्यावर दोघी मुली खिदळल्या. मी सांगत होतो, त्या करत होत्या. डबा वेडावाकडा झाला. मी केलेल्यापेक्षा कितीतरी वेडावाकडा, आणि फोटोतल्या आईच्या डब्याच्या जास्त जवळचा.

आईच्या हातचा शेवटचा डबा मात्र गेला तो गेला. हे मी माझ्या खात्यावरून पुसू शकत नाही आणि पुसायचा प्रयत्नही करत नाही. जाताना अबू राशिदनी माझं क्रोमचं नोझल परत दिलं. “यह तुम रखो. बहुत चमकता है.”

लग्न झालं. आम्हालाही आमंत्रण होतं. वृषाली बायकांच्या हॉलमध्ये जाऊन आली आणि घरी येईपर्यंत ओढणीचा वास घेत होती. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. पण त्याचा डब्याशी काही संबंध नव्हता. ते काम प्रोक्युअरमेंटचं, म्हणजे खरेदी खात्याचं, आणि त्यांनी हे मशीन कधी पाहिलंच नाही. थॉमस सरांना मी खरं काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, “गुड. बट नेक्स्ट टाइम, साइन सम रिसीव्हिंग.”

माझा धडा मात्र दुसरा आहे. आता कुठलंही मशीन आलं की स्क्रूड्रायव्हरला हात लावण्याआधी मी विचारतो, “याने तुम्ही काय करायचात?” आणि ‘झाडायचो’ असं उत्तर आलं तर परत एकदा विचारतो.

परवा करामा भागातून एक काकू आल्या. गाशा गुंडाळून पुण्याला निघाल्या होत्या आणि सासूबाईंचं जुनं मशीन मला द्यायचं म्हणत होत्या.

“याने काय करायचात?”

“अहो, व्हॅक्युम क्लीनरने काय करतात? झाडायचो.”

“आणखी काय?”

“आणखी काही नाही.” त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि चप्पल घालता घालता थांबल्या. “म्हणजे, मागच्या बाजूने हवा येते ना, त्यावर सासूबाई भाजलेल्या दाण्यांची सालं उडवायच्या. बाल्कनीत. खालच्या मजल्यावरची मल्याळी बाई फार भांडायची.”

“बसा काकू,” मी म्हणालो. “वृषाली, चहा ठेव गं.”